मोबाईलसमोर बदली कामगार

“बेन, हे बघा. संध्याकाळी परत लाल. संध्याकाळची गोळी अजून थोडी वाढवूया.”

आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे डॉक्टर निमेषभाईंनी, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर आमचे पेशंट जिभाऊ यांच्या बोलण्याच्या वेगाचा तीन आठवड्यांचा ग्राफ होता. सकाळचे सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे हिरव्या पट्ट्यात. संध्याकाळचे सगळे लाल रेषेच्या वर, एकही तिच्याखाली नाही.

“सकाळी गोळीचा असर आहे, संध्याकाळपर्यंत उतरतो,” डॉक्टर म्हणाले. “पुस्तकात लिहिलंय तसंच. हा ग्राफ मी कॉन्फरन्समध्ये दाखवणार.”

“मागच्या आठवड्यात गोळी वाढवली तेव्हापासून त्यांना चक्कर येतेय,” मी म्हटलं. “दोन दिवस थांबा. मी घरी जाऊन येते.”

“घरी जाऊन काय बघणार?”

“ते गेल्यावर कळेल.”

डॉक्टर गुजराती, मी मराठी, आणि आमची भांडणं होतात हिंदीत. तुम्हाला ते हिंदी सोसायला लावत नाही. भांडणात मी सहसा हरते, कारण त्यांच्याकडे पदवी मोठी आहे आणि माझ्याकडे खोली लहान. त्या दिवशी मात्र दोन दिवस पदरात पाडून घेतले.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. सुरतेत, उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेली एकवीस वर्षं. पेशंट मला ‘बोलण्याची डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून दमले, आता सांगत नाही. ज्यांचं बोलणं अडतं, तुटतं, घसरतं किंवा धावतं, त्यांच्याबरोबर मी काम करते.

जिभाऊंचं धावायचं. वय अडुसष्ट, मूळ गाव शिरपूर तालुक्यातलं, राहायला सुरतेच्या बमरोलीत. आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात गेलं. तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा कंपवात असल्याचं कळलं. कंपवातात चालताना पावलं आखूड आणि घाईची होतात, माणूस थांबू म्हटलं तरी थांबत नाही. काहींच्या बोलण्याचंही तेच होतं. पहिला शब्द नीट निघतो, दुसरा त्याच्या पाठीवर, तिसरा दुसऱ्याच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी जिभाऊ मला त्यांच्या खान्देशी बोलीत म्हणाले, “नमस्कारमॅडममनानावजिभाऊशे.” मी तीनदा विचारलं तेव्हा मला त्यातलं नाव सापडलं.

इथे लग्नाचं सांगायला हवं, कारण जिभाऊ माझ्याकडे औषधासाठी नाही, लग्नासाठी आले होते.

खान्देशी लग्नात बोहल्याआधी मानाच्या पाहुण्यांची नावं माइकवर पुकारतात. नाव पुकारलं की पाहुणा पुढे येतो, त्याला टोपी-टॉवेल देतात, तो नमस्कार करतो आणि जातो. ऐकायला सोपं वाटतं. पण नाव कोणाचं आधी, कोणाचं नंतर, गावासकट घेतलं की नाही, बापाचं नाव लावलं की नाही, यावर नाती टिकतात. बमरोली-पांडेसरा भागात वीस-पंचवीस वर्षं हा माइक जिभाऊंच्या हातात होता. मागच्या वर्षी नातवाच्या लग्नातही होता. आजाराला तेव्हा वेग आला होता, पण घरच्यांना वाटलं, म्हातारा घाबरलाय. जिभाऊंनी यादी अशी पळवली की सुनेच्या भावाचं, पुंडलिकमामांचं, नाव कोणालाच ऐकू आलं नाही. मामा पहिल्या रांगेत कपडे सावरून बसले होते. यादीत त्यांच्या आधीचा माणूस उठला, नंतरचा माणूस उठला, ते बसूनच राहिले. मग उठले आणि न जेवता शिरपूरला गेले. वर्षभर त्यांनी या घरचा फोन उचलला नाही.

आता नातीचं लग्न ठरलं होतं. मुलीला बोहल्यावर मामा आणतो. मामाशिवाय लग्न लागतं, पण मग ते जन्मभर तसंच सांगितलं जातं. बरीच मनधरणी झाल्यावर पुंडलिकमामांनी एकच निरोप पाठवला: येईन, पण माझं नाव जिभाऊंनी स्वतःच्या तोंडानं घ्यायचं. दुसऱ्या कोणी पुकारलं तर दारातूनच परत फिरेन.

जिभाऊंच्या मुलाला बापाची पुन्हा शोभा व्हायला नको होती. त्यानं आपली अट घातली: मॅडम हो म्हणाल्या तरच माइक. थोडक्यात, दोन अटींच्या मधे एक म्हातारा आणि एक मी.

मी जिभाऊंच्या मोबाईलवर आमचं ॲप टाकलं. ते बोलण्याचा वेग मोजतं. आपण बोलतो तेव्हा प्रत्येक अक्षराला आवाज थोडा वर जातो, खाली येतो. ॲप ते चढ मोजतं आणि मिनिटाला किती झाले ते सांगतं. वेग लाल रेषेच्या वर गेला की फोन खिशात थरथरतो, म्हणजे माणसानं सावकाश व्हायचं. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्यानं स्वतःहून दोन मिनिटं विचारायचं, ‘आजचा दिवस कसा चाललाय?’, आणि पेशंटनं मनात येईल ते बोलायचं. ॲप आवाज साठवत नाही, फक्त आकडे पाठवतं. पेशंटची खाजगी गोष्ट खाजगी राहावी म्हणून. ही सोय कोणी केली त्याला नंतर मी मनातल्या मनात बरंच बोलले.

“एक दिवस चुकला तर ग्राफ वाया,” मी जिभाऊंना दटावलं होतं. “एकही खाडा नको.”

“नही पडाऊत,” ते म्हणाले होते, आणि खरंच एकही खाडा पडला नाही.

पण दर सोमवारी ते माझ्यासमोर बसायचे तेव्हा सुरतहून निघालेली गाडी एका दमात नंदुरबारला पोचायची. सकाळी अकराला, म्हणजे ग्राफच्या हिशेबानं त्यांच्या उत्तम वेळेला. मी त्यांना विचारलं, “घरी सावकाश बोलता आणि इथे का पळता?” ते म्हणाले, “तुमनीभीतीवाटस.” मी तेही खरं मानलं. माझी भीती वाटावी असं मला अधूनमधून वाटत असतं.

डॉक्टरांशी भांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट कमी होते तेव्हा मी आकड्यांचा पूर्ण तक्ता उघडला. वेगाच्या शेजारी एक रकाना असतो, आवाजाच्या पट्टीचा. आवाज जाड की बारीक ते त्यात कळतं. तीन आठवड्यांत मी तो एकदाही पाहिला नव्हता. वेग बघायचा असताना पट्टी कोण बघतो?

सकाळी एक भारदस्त पट्टी. संध्याकाळी तिच्या जवळपास दुप्पट. आणि दर आठ दिवसांनी एकदा, सकाळी, तिसरीच. गोळीनं बोलण्याचा वेग कमी-जास्त होतो हे मी वाचलं होतं. गोळीनं सातच्या ठोक्याला पुरुषाची बाई होते हे कुठे वाचलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी रिक्षा करून बमरोलीला गेले. फोन केला नाही. सातला दोन मिनिटं कमी होती. जिभाऊंची खोली पहिल्या मजल्यावर, दार उघडं, पडदा लावलेला. आतून आवाज येत होता.

“...आनि मी म्हनू, सून शे म्हनीसन काय झायं, डायमा मीठ कितलं टाकानं ते काय शायमा शिकाडतस का? आनि त्यास्ना पाय दुखतस ते बी मीच दाबस, मना पाय कोन दाबस? कोनीच नही. आनि आज पानी बी उशिरा उनं...”

मी पडदा बाजूला केला. जिभाऊंच्या बायकोनं, अक्कांनी, फोन दोन्ही हातांत तोंडासमोर धरला होता. फोन जिवाच्या आकांतानं थरथरत होता. अक्का न थांबता बोलत होत्या. समोर खाटेवर जिभाऊ शांतपणे चहा पीत होते.

मला बघून अक्कांनी जीभ चावली. पण फोन खाली ठेवला नाही. त्यांनी हातानंच मला थांबायची खूण केली, उरलेलं अर्धं मिनिट पाण्याच्या टँकरवर बोलून पूर्ण केलं, मग फोन ठेवला.

“बठा, मॅडम. चहा टाकस.”

“हे काय चाललंय?” मी जिभाऊंना विचारलं.

जिभाऊ अजिबात चोरासारखे दिसत नव्हते. उलट काम वेळेवर झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते काय म्हणाले ते मी तुकड्यातुकड्यांत, दोनदा विचारून समजून घेतलं.

“तुम्हीच सांगं व्हतं ना, खाडा नको. मंग मी बदली दिन्ही.”

ज्यांनी मिल किंवा लूमचं खातं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कामगाराला ताप आला, गावी मयत झाली, तर तो मशीन बंद ठेवत नाही. ओळखीतला एक माणूस आपल्या जागी उभा करतो. त्याला बदली म्हणतात. मालकाला माणूस कोण याच्याशी देणंघेणं नसतं, कापड पडलं पाहिजे. ज्याला बदली मिळत नाही त्याचा खाडा, आणि ज्याचे खाडे जास्त त्याची जागा जाते. चाळीस वर्षं जिभाऊ या कायद्यानं जगले. सकाळी सातला ॲप वाजायचं आणि त्यांचं तोंड उघडत नसे. मग त्यांनी शेजारच्या देवरे मास्तरांना उभं केलं. मास्तर निवृत्त शिक्षक, शब्द मोजून मापून टाकणारे. आठवड्यातून एकदा मास्तर मुलीकडे जायचे, त्या दिवशी खालच्या खोलीतला ओडिया कामगार, बिपिन. तो ओडियात बोलायचा. ॲपला भाषा कळत नाही, फक्त चढ-उतार कळतात. संध्याकाळी ते दमलेले असायचे, म्हणून ती पाळी अक्कांची.

“अहो, पण हे तुमचं बोलणं मोजायला होतं!”

“मशीन कधी बंद ठेवतस का, मॅडम?” जिभाऊंनी उलट मलाच विचारलं.

मला राग आला होता, तो मी नीट काढला. संध्याकाळची गोळी वाढली, चक्कर आली, ती कोणाच्या बोलण्यासाठी? अक्कांच्या! बायकोच्या जिभेला लगाम म्हणून नवऱ्यानं औषध खाल्लं होतं. हे मी म्हटल्यावर अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग मलाही हसू आवरेना, आणि रागाचं जे व्हायचं ते झालं.

“तुम्ही रोज एवढं काय बोलायचात फोनशी?” मी त्यांना विचारलं.

“दोन मिनिटं कोनी मधमा बोलस नही,” अक्का म्हणाल्या. “आठे असं कोन आयकस?”

हसणं थांबल्यावर मी जिभाऊंना विचारलं, सकाळी तोंड का उघडत नाही? “सकायमा तोंडले कुलूप ऱ्हास,” ते म्हणाले. “गोयी आठ वाजता. कुलूप नऊले उघडस.” मी कपाळाला हात लावला. सातची वेळ मी ठरवली होती. गोळी कधी घेता, हे मी विचारलंच नव्हतं. मला सात वाजता चहा पिताना आकडे बघायला सोयीचं, म्हणून सात. आणि त्यांनी सांगितलं नाही, कारण पाळीची वेळ कामगार ठरवत नसतो.

“मना मामा येवाव नही का मंग?” जिभाऊ हळूच म्हणाले. नातीचा मामा, पण ते असंच म्हणाले. चहा अर्धा टाकून त्यांनी कप खाली ठेवला. ते घाबरले होते, हे तेव्हा मला दिसलं. लग्नाला बारा दिवस होते, आणि माझ्याकडे त्यांच्या स्वतःच्या बोलण्याचा एकही ठिपका नव्हता. मी हो म्हणू कशाच्या जोरावर?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं.

“सकाळचे हिरवे ठिपके देवरे मास्तरांचे आहेत.”

“म्हणजे गोळी—”

“मास्तरांनी आयुष्यात डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेतलेली नाही.”

डॉक्टरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “आणि लाल?”

“ती त्यांची बायको. तिला काही झालेलं नाही. ती तशीच आहे.”

“कॉन्फरन्सला नाव दिलंय मी,” ते म्हणाले. मग त्यांनी गोळी पूर्वीएवढी केली. त्यांचं हे मला आवडतं, चूक सापडली की ते लगेच खोडतात, फक्त दिवसभर बोलत नाहीत.

ॲपची वेळ मी सकाळी दहा केली. आणि तिन्ही बदली कामगारांना शिक्षा दिली. रोज दहाला मास्तर, सुट्टी असेल तर बिपिन, आणि अक्का, यांनी जिभाऊंच्या खोलीत पाहुणे म्हणून बसायचं. जिभाऊंनी नाव पुकारायचं. ज्याचं नाव, त्यानं दारापासून खाटेपर्यंत चालत यायचं, टॉवेल घ्यायचा, नमस्कार करायचा, परत जाऊन बसायचं. तो बसेपर्यंत जिभाऊंनी दुसरं नाव तोंडातून काढायचं नाही. ‘सावकाश बोला’ म्हणून कंपवाताचा माणूस सावकाश होत नाही. त्याला बाहेरून काहीतरी लागतं, टाळी, ठोका, नाहीतर हा असा चालत येणारा माणूस. मास्तर गुडघेदुखीनं फारच हळू चालायचे, त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. बिपिन आला की त्याला शिरपूरचा पुंडलिक दगडू करायचं. चौथ्या दिवशी तो हाकेला ओ द्यायला लागला.

ठिपके आता जिभाऊंचे होते. तीन लाल, दोन हिरवे, परत लाल, मग हिरवे. पट्टीचा रकाना मी रोज बघत होते. लग्नाच्या चार दिवस आधी त्यांच्या मुलानं विचारलं, “मॅडम, हो की नाही?” मी हो म्हटलं. रात्री झोप आली नाही. मुलाला मी सांगितलं होतं, ॲप चालू ठेवून फोन जिभाऊंच्या खिशात राहील, पळाले की थरथरेल, काळजी करू नका.

लग्न वाडीत होतं. वाडी म्हणजे आमच्याकडे समाजाचा हॉल. पुंडलिकमामा आले होते. पहिल्या रांगेत बसले होते, चप्पल पायातच, उठून जायला बरी म्हणून. मला अक्कांनी जेवणाच्या टेबलाजवळ बसवलं. जिभाऊंनी माइक हातात घेतला, पहिलं नाव पुकारलं. स्वच्छ. पाहुणा आला, टोपी घेतली, गेला. दुसरं नाव. स्वच्छ. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तेवढ्यात शेजारच्या वाडीत दुसऱ्या लग्नाची वरात पोचली, डीजेसकट. माझ्या ग्लासातलं पाणी हलायला लागलं. आणि जिभाऊंचा हात छातीवर गेला.

मी अर्धवट उठले. कंपवात बाजूला, हार्ट अटॅकच आला असं वाटलं. मग लक्षात आलं की ते खिसा दाबतायत. फोन! ॲपला भाषा कळत नाही आणि तोंडही कळत नाही. डीजेचा प्रत्येक ठोका ते अक्षर म्हणून मोजत होतं आणि सांगत होतं, पळतोयस, पळतोयस, सावकाश हो. लूमच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस यंत्राचं ऐकणार नाही तर कोणाचं? जिभाऊ आणखी सावकाश झाले. फोन थांबेना. ते आणखी सावकाश झाले.

मी फोन काढून घ्यायला निघाले. अक्कांनी माझा हात धरला.

“बठा. त्या बराबर बोली ऱ्हायनात.”

खरंच बोलत होते. एकेक नाव असं येत होतं की गाव वेगळं, बाप वेगळा, आडनाव वेगळं. प्रत्येक पाहुण्याला वाटत होतं, आपल्याच नावाला एवढं वजन दिलंय. यादी संपायला दुप्पट वेळ लागला. पण खान्देशी लग्न वेळेवर लागल्याचं कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे उशीर झाल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग जिभाऊंनी यादीवरून नजर काढली आणि समोर बघितलं.

“शिरपूर तालुका,” ते म्हणाले. थांबले. खिसा थरथरला असणार. “पुंडलिक.” परत थांबले. “दगडू.” आता सगळी वाडी थांबली होती. “माळी.” आणि यादीत नव्हतं ते एक पुढे जोडलं, “मनं चुकेल शे. पुढे या.”

पुंडलिकमामा लगेच उठले नाहीत. मागच्या वर्षी जेवढं बसून राहिले असतील तेवढं बसले, असं मला वाटलं. मग चप्पल काढली, पुढे गेले, टोपी घातली आणि जिभाऊंच्या माइक धरलेल्या थरथरत्या हाताखाली आपला हात धरला.

“आयकू उनं, जिभाऊ,” ते म्हणाले. “आते दुसराले बलावा.”

मी डोळे पुसले. मिरचीचं निमित्त करायलाही समोर अजून ताट आलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टर निमेषभाईंनी लॅपटॉप उघडला. लग्नाच्या दिवसाचा ग्राफ वरपासून खालपर्यंत लाल होता. इतका लाल त्या ॲपवर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“बेन, हे काय? हा माणूस तर पार बिघडला!”

मी फाइल घेतली आणि त्या ग्राफखाली लिहिलं: ‘पेशंटचं बोलणं उत्तम. गोळीत बदल नको.’

“कशावरून?”

“मी तिथे जेवायला होते,” मी म्हटलं, आणि सही केली.